मुंबईपर्यंतची सोबत

“बॅगेचं वजन अजून व्हायचंय, आणि ह्यांना गिटार सुचतेय.”

हे आमच्या सासूबाई, कमलाबाई, गाडीच्या मागच्या सीटवर बसून मास्कच्या आत म्हणाल्या. मास्कच्या आत पुटपुटलेलं बाहेर ऐकू येत नाही अशी त्यांची दोन वर्षांपासूनची समजूत आहे. ती आम्ही कोणी मोडलेली नाही, कारण तिच्यामुळे घरातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला वेळेवर कळतात.

प्रतापनं, म्हणजे त्यांच्या मुलानं आणि माझ्या नवऱ्यानं, आरशात पाहिलं आणि गाडी हळू केली. म्हणाला, आई, नसेल यायचं तर परत फिरू, तुझ्या मनाप्रमाणे.

“नको. तुमची सोय बघा,” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी बसलेली आमची मिताली फोनमधून डोकं वर न काढता बोलली, “शी इज सो एक्सायटेड, बाबा. जांभळी साडी बघ ना.”

तिचं खरं होतं. ती जांभळी साडी बुधवारच्या विमानासाठी म्हणून कपाटात वेगळी ठेवली होती. रविवारी दुपारी मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या एका बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या क्लबात, जाण्यासाठी ती बाहेर निघाली, तेव्हाच मी समजले की कुरकुर ही फक्त रीत म्हणून चालली आहे.

आई आल्या दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. बाबा, म्हणजे माझे सासरे, आले नाहीत. त्यांच्या पुण्यातल्या सोसायटीचे ते सेक्रेटरी होते आणि तेव्हा लिफ्टचं काम निघालं होतं. लिफ्टवाल्यांना वाऱ्यावर सोडून ऑस्ट्रेलियाला जाणं त्यांना पटेना. तू जाऊन ये, म्हणाले, मी पुढच्या वर्षी येतो. मग मार्चमध्ये जग बंद झालं. तीन महिन्यांचे पाच झाले. आणि जुलैत, इथं ऐन थंडीत, बाबा सकाळी चहा घेऊन पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. करोना नव्हता, हृदय होतं, पण त्या दिवसांत सगळं सारखंच होतं. प्रतापच्या चुलतभावानं, उल्हासनं, सगळं केलं. प्रतापनं ते इथं, ट्रुगानिनातल्या आमच्या घरी, स्टडीत बसून फोनवर पाहिलं. उल्हासच्या एका हातात फोन होता आणि एका हातात पेटतं लाकूड, त्यामुळे चित्र सारखं हलत होतं. पाहून झाल्यावर प्रतापनं लॅपटॉप उघडला आणि ऑफिसच्या मीटिंगला बसला, कॅमेरा बंद ठेवून. त्या दिवसाबद्दल तो कधी बोललेला नाही.

आता मार्च होता, दोन हजार बावीसचा. सीमा उघडल्या होत्या, आणि बुधवारी आई परत निघाल्या होत्या.

हे कसं ठरलं ते सांगते, म्हणजे ते कोणी ठरवलंच नाही हे लक्षात येईल. जानेवारीत प्रताप म्हणाला, आई, आता जाता येईल, तुला जायचंय का, तुझ्या मनाप्रमाणे. आई म्हणाल्या, मला काय, तुमच्या सोयीनं. मी म्हटलं, आईंना वाटेल तेव्हा. असे आम्ही तिघं तीन आठवडे एकमेकांना दारात ‘आधी तुम्ही’ म्हणत उभे होतो, आणि त्या गर्दीत तिकीट आपोआप निघालं. त्या राहणार म्हणाल्या असत्या तर आम्हाला आनंदच होता. त्या जाणार म्हणाल्या असत्या तरी आम्ही समजून घेतलं असतं. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही नाही.

तिकीट निघाल्यावर मात्र आम्ही कामाला लागलो, कारण कामाला लागणं आम्हाला छान जमतं. व्हीलचेअर बुक केली. आई व्यवस्थित चालतात, पण व्हीलचेअर घेतली की एअरपोर्टवर कोणीतरी सगळीकडून पार करून नेतं, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मग प्रतापनं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, बुधवारी मेलबर्नहून मुंबईला कोणी जातंय का, आईला सोबत हवी. तासाभरात प्रितम नावाचा मुलगा मिळाला, इथं युनीत शिकणारा, बहिणीच्या लग्नाला निघालेला. गुणी मुलगा. आजींची मी काळजी घेईन म्हणाला, नो वरीज काका. मुंबईहून पुढं उल्हास ड्रायव्हर पाठवणार होता. शेजारच्या श्यामलाताई दूध घेऊन ठेवणार होत्या. गीझर तपासून झाला होता. गॅसचा नंबर लागला होता. प्रताप त्या घराबद्दल बोलायला लागला की गीझरपर्यंत येतो आणि थांबतो.

मुंबईपर्यंतची सोबत मिळाली होती. त्यापुढं बाबा गेल्यापासून आमच्यापैकी कोणी न उघडलेलं एक दार होतं, आणि ते उघडल्यावर समोर एक खुर्ची. त्या दाराशी आईंबरोबर कोण उभं राहणार, हा प्रश्न आमच्या घरात दिवसभर फिरत होता आणि आम्ही सगळे त्याच्या अंगावरून ये-जा करत होतो. प्रतापची रजा साठून साठून आता वाया जायच्या बेताला आली होती. ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण तू जा म्हटलं, तर तू इतके दिवस का नाही गेलास हेही त्याच्या मागून आलं असतं, आणि त्याचं उत्तर मी त्याच्या चेहऱ्यावर रोज वाचत होते.

आता कॉलिनबद्दल.

कॉलिन आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो. निवृत्त प्लंबर, सत्तरीला टेकलेला, लेकीकडे राहतो. लेक घरून काम करायला लागल्यावर तिनं त्याला गिटारसकट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. आमच्या इस्टेटीत, म्हणजे वसाहतीत, घरं इतकी जवळजवळ आहेत की पलीकडच्याची शिंक आली की आपण रुमाल काढावा. पहिल्या लॉकडाउनमध्ये रोज दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला, त्याची गिटार सुरू व्हायची, आणि अलीकडे आई उन्हात बसून मेथी निवडायच्या.

पहिल्या आठवड्यात त्यांचं म्हणणं असं होतं की हा माणूस एकच एक काहीतरी वाजवतो. दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, एकच नाही गं, तो फिरून तिथंच येतो. सोसायटीच्या भजनी मंडळात आईंकडे टाळ असायचे, दर गुरुवारी. फिरून तिथंच येणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. एके दिवशी तो फिरून तिथं आला, आणि आईंनी हातातल्या चमच्यानं परातीवर एक ठोका दिला.

कुंपणापलीकडे गिटार थांबली. मला वाटलं झालं, आता तक्रार येणार. पण थोड्या वेळानं ती पुन्हा सुरू झाली, पहिल्यापासून, सावकाश, आणि त्या जागेवर आल्यावर कॉलिननं मुद्दाम बोट उचललं. जागा मोकळी ठेवली. आईंनी ठोका दिला. पलीकडून एक हसू आलं, खोकल्यासारखं.

तिथून ते सुरू झालं. कुंपण उंच, फळ्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे कित्येक दिवस दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही. मग कधीतरी इकडून थालीपीठ गेलं, तिकडून लिंबं आली. त्यांच्यात बोलणं असं व्हायचं नाही. तो हॅलो कमला म्हणायचा, ह्या हॅलो म्हणायच्या, आणि मग परात.

बाबा गेले तेव्हा मी बादली उलटी करून तिच्यावर उभी राहिले आणि कॉलिनला सांगितलं. त्यानं गिटार बंद केली. घरातही सगळं बंदच होतं. भेटायला कोणी येऊ शकत नव्हतं, आम्ही आपसात कुजबुजत होतो, फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलत होतो. आईंसमोर आम्ही जेवणाबद्दल बोलायचो आणि हवेबद्दल बोलायचो. दिवस झाल्यावर एका दुपारी आई उठल्या, स्वयंपाकघरातून लाटणं घेतलं, मागच्या अंगणात गेल्या आणि कुंपणाच्या फळीवर दोनदा ठोकलं.

बऱ्याच वेळानं शेडचं दार वाजलं. मग कॉलिनचा आवाज आला, “सॉरी अबाउट युअर हसबंड, कमला.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबांचं त्याला वाईट वाटलं म्हणतोय.

“तो बोलला तरी,” आई म्हणाल्या.

त्यानंतर तो वाजवत राहिला, ऊन उतरेपर्यंत, आणि आई ऐकत राहिल्या. ठोका मात्र त्या दिवशी दिला नाही. तो त्या जागेवर आला की बोट उचलायचा आणि ती जागा तशीच रिकामी जाऊ द्यायचा.

तर त्या कॉलिनचा बँड दोन वर्षांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होता, आणि त्यानं कुंपणावरून सांगितलं होतं की कमला आली नाही तर तो सुरू करणार नाही.

क्लबच्या दाराशी एक आजोबा व्हॅक्सिनची सर्टिफिकिटं बघत होते. मितालीनं सगळ्यांची फोनवर काढून ठेवली होती, पण आईंचा फोनवरच्या कागदावर विश्वास नाही. त्यांनी पर्स उघडली आणि काउंटरवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. लवंगांची डबी. रुमाल. रामरक्षेचं छोटं पुस्तक. मग घराची किल्ली, लांब दांड्याची, डोक्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात ‘मोठे दार’ असं लिहिलेलं. ते अक्षर सेक्रेटरीचं होतं, सोसायटीच्या पाण्याच्या सूचना लिहिणारं. प्रताप कडेला उभा होता. त्यानं ती किल्ली पाहिली आणि मग भिंतीवरचे बोल्स चॅम्पियन लोकांचे फोटो अगदी लक्षपूर्वक पाहायला लागला. शेवटी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट निघालं. आजोबा म्हणाले, लव्हली, डार्लिन. आईंनी सगळं पुन्हा भरलं, किल्ली आतल्या कप्प्यात, चेन लावून.

आत जुन्या गालिच्याचा आणि तळलेल्या चिप्सचा वास होता. खिडकीबाहेर हिरवंगार बोलिंगचं मैदान. अगदी पुढच्या टेबलावर खडूनं लिहिलेली पाटी होती, KAMALA. आईंनी ती वाचली, आणि पदर नीट केला. मितालीनं त्यांना लेमन लाइम बिटर्स आणून दिलं. ह्यात काही नाही ना, त्यांनी विचारलं. मिताली म्हणाली, इट्स बेसिकली सरबत, आजी. त्यात नावापुरते दारूचे थेंब असतात हे मला माहीत होतं, पण आईंना रंग आवडला होता आणि मी गप्प बसले. रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकणाऱ्या बाईंना मात्र आम्ही हात जोडले, कारण बक्षीस सॉसेजचा ट्रे होता आणि आमच्या आईंचं नशीब अशा बाबतीत फार बलवत्तर आहे.

मी पिशवीतून लाडवांचा डबा काढून टेबलाखाली ठेवला. बँडसाठी आईंनी आदल्या दिवशी बेसन भाजलं होतं. कलाकाराकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं.

बँड चौघांचा. कॉलिन खुर्चीत, मांडीवरची गिटार हाताच्या घामानं एका बाजूला पांढुरकी झालेली. करंगळीत काचेची नळी. त्याच्या शेजारी जेस नावाची पस्तिशीची बाई, तिची गिटार मोठी आणि पोटात पोकळ, रंग मधाचा. मागं एक उंच माणूस बेस नावाचं कपाटाएवढं तंतुवाद्य घेऊन, आणि ड्रमवर एक इतके म्हातारे गृहस्थ की त्यांना जागेवर बसवायला दोघं जण लागले. बसवल्यावर मात्र त्यांचे हात वीस वर्षांचे झाले.

मला ह्या संगीतातलं काही कळत नाही. जे कळलं ते आईंकडे बघून कळलं. कॉलिननं काचेची नळी तारेवर टेकवली आणि एका सुरावरून दुसऱ्यावर असा घसरत गेला की मधली सगळी वाट ऐकू आली. शेडच्या पत्र्याआडून दोन वर्षं जे यायचं ते मला पावसाळी कपड्यांसारखं दमट वाटायचं. इथं, समोर, ते उघडं होतं. सूर पोहोचायच्या जरा अलीकडेच थांबायचा, थरथरायचा, आणि मग नाइलाज झाल्यासारखा पोहोचायचा. आई पुढं वाकल्या.

“हा गिटार नाही वाजवत,” त्या म्हणाल्या. “गळ्यातलं काढतोय.”

मग जेसची पाळी आली. ती बोलकी निघाली. सुरुवात साधी केली आणि बघता बघता अशा गल्ल्यांमध्ये शिरली की मूळ गाणं कुठं राहिलं कळेना. बोटं तर दिसतच नव्हती. आईंचा हात टेबलावर ताल धरून होता, तो घट्ट झाला. ही हरवली, त्या पुटपुटल्या. बेसवाला शांतपणे चालत राहिला, म्हातारबाबा झांजेवर काडी हलकेच सरकवत राहिले, जणू घरातली मंडळी दिवा लावून बसली आहेत, येईल ती. आणि ती आली. बरोबर त्या जागेवर, एका पायरीचीही चूक न करता, हसत. आईंनी एवढा वेळ धरलेला श्वास सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं संपायच्या आधीच टाळ्या कशाला, हे आईंना मुळीच पटलं नाही, पण पुढच्या वेळी त्यांनीही वाजवल्या.

मला गंमत वाटली ती वेगळ्या गोष्टीची. कॉलिन कोणाकडे तरी बघून मान हलवायचा, आणि ज्याच्याकडे बघितलं तो सुरू करायचा. बस. नको, आधी तू घे, असं कोणी म्हणायचं नाही. म्हणायचं ते म्हणायचं, बाकीचे तेवढा वेळ खाली हळू वाजवत त्याला धरून ठेवायचे, आणि झालं की पुढच्याला. आमच्या घरात असा बँड असता तर पहिलं गाणं अजून सुरू व्हायचं असतं.

प्रताप माझ्या बाजूला बसला होता. त्यानं बिअर घेतली होती आणि ती तशीच होती. कॉलिनच्या त्या घसरत्या सुरांच्या वेळी तो बाहेरच्या मैदानाकडे बघत होता, जिथं काहीच चाललेलं नव्हतं.

मध्यंतरात कॉलिन घाम पुसत आमच्या टेबलाशी आला. आईंनी कोपर पुढं केलं, त्यानं कोपराला कोपर लावलं. मग लाडू. त्यानं एक अख्खा तोंडात टाकला, त्यामुळे बराच वेळ त्याला बोलता आलं नाही, आणि आई समाधानानं बघत राहिल्या. बोलता यायला लागल्यावर त्यानं विचारलं, तर बुधवारी का. हो, आम्ही म्हटलं.

“अँड हूज देअर ॲट होम फॉर यू, लव्ह?” त्यानं आईंना विचारलं.

मितालीनं भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं तिच्या बाबाकडे पाहिलं. प्रताप इंग्रजीत म्हणाला की चुलतभाऊ ड्रायव्हर पाठवतोय. कॉलिन म्हणाला, नाही, घरी. प्रताप म्हणाला, शेजारी फार चांगले आहेत. कॉलिननं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग माझ्याकडे. राइट, म्हणाला.

“काय विचारतोय तो?” आई म्हणाल्या.

“काही नाही आई. प्रवास कसा आहे विचारतोय,” प्रताप म्हणाला.

आईंनी मान हलवली. सांग त्याला, व्हीलचेअर आहे. प्रतापनं सांगितलं. कॉलिन आणखी एक लाडू घेऊन गेला. मी माझ्या ग्लासातला बर्फ चमच्यानं ढवळत बसले. मिताली खालच्या आवाजात मला म्हणाली, “दॅट वॉज नॉट व्हॉट ही आस्क्ड, आई.” मी म्हटलं, माहीत आहे मला. तिनं विचारलं, देन व्हाय डोन्ट यू से समथिंग. ती एकोणीस वर्षांची आहे. तिला वाटतं सांगायची गोष्ट असली की सांगतात.

दुसऱ्या भागात त्यांनी दोन-तीन हलकी वाजवली, लोक उठून नाचायलाही लागले. नाचायला परवानगी मिळून थोडेच दिवस झाले होते, त्यामुळे सगळे आपले पाय अजून चालतात का बघत होते. मग कॉलिन माइकशी आला. म्हणाला की दोन वर्षं मी कोंडलेला होतो आणि मला वाटत होतं कोणी ऐकत नाही. कुंपणापलीकडे एक बाई होती. माझा ठेका चुकला की तिची परात वाजायची थांबायची. पुढचं आमच्या दोघांचं आहे.

लोक आमच्या टेबलाकडे वळले. आईंना बोललेलं कितपत कळलं कोण जाणे, पण पहिला सूर आल्याबरोबर त्यांनी ओळखलं. तेच होतं, शेडमधलं, फिरून तिथंच येणारं. कॉलिन आणि जेस दोघं मिळून ते उचलत होते, एकाची काच आणि एकीची बोटं, आणि ते जागेवर आल्याबरोबर चौघांनी एकदम हात उचलले.

जागा मोकळी.

परात नव्हती, चमचा नव्हता. पहिली फेरी तशीच गेली. आईंनी पर्स उघडली, आतली चेन ओढली, किल्ली काढली. दुसऱ्या फेरीत हात वर झाले, आणि आईंनी किल्लीच्या दांड्यानं ग्लासवर ठोका दिला. टिंग.

सगळा हॉल हसला, छान हसला. तिसऱ्या फेरीला त्यांनी दोन दिले. चौथ्या फेरीला त्या ठोक्याच्या आधी क्षणभर थांबल्या, मुद्दाम, आणि म्हातारे ड्रमर ओरडून काहीतरी कौतुकाचं बोलले. मी आईंना दोन वर्षांत असं पाहिलं नव्हतं. खरं तर त्याआधीही नाही. मास्क हनुवटीवर आला होता. जेस वाजवत होती, बेस चालत होता, आणि आईंची किल्ली दर वेळी नेमकी पडत होती.

मग कॉलिननं त्यांच्याकडे बघून मान हलवली.

मला ती मान आता ओळखता येत होती. चौघंही थांबले. फक्त म्हातारबाबा ब्रशनं ड्रमच्या चामड्यावर हलकेच फिरवत राहिले, पीठ चाळल्यासारखा आवाज. अख्खी फेरी आईंची होती. आईंनी ठोका दिला. मग दुसरा. आणि मग किल्ली हातात धरून त्या थांबल्या. त्यांनी किल्ली फिरवली, चिकटपट्टीवरचं अक्षर वर आलं. ती त्यांनी ग्लासाशेजारी टेबलावर ठेवली, प्रतापच्या समोर.

हॉल शांत होता. कोणी अवघडलं नव्हतं. लोकांना वाटलं हाही वाजवण्याचाच भाग. कॉलिन हात तारांवर टेकवून, मान खाली घालून वाट बघत होता, त्याला काही घाई नव्हती. त्या भरलेल्या खोलीत मराठी कळणारे आम्ही चौघंच होतो.

“तो घरी कोण आहे विचारत होता,” आई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीत मीठ आहे का विचारावं तसा. “तेवढं इंग्रजी कळतं मला.”

ब्रश फिरत राहिला.

“कोणी नाहीये, प्रताप. हे गेले. तूही फोनवर पाहिलंस, मीही दाराआडून पाहिलं, आणि आपण गीझरचं बोलतोय.” त्यांनी किल्ली बोटानं त्याच्याकडे सरकवली. “मला ते दार एकटीनं उघडायचं नाही. तू चल माझ्याबरोबर.”